कॅशियरसमोरची बैठक

टाकीला तडा गेलेला कमोड. नवा गुडघा. "तुमची तक्रार सिस्टीममध्ये दिसत नाही, मॅडम." घरसामानाच्या त्या भल्यामोठ्या दुकानात सून सकाळपासून या काउंटरवरून त्या काउंटरवर टोलवली जात होती. माल घरी आला तेव्हा सही केल्याशिवाय यांचाच माणूस खोकं उतरवेना. आता म्हणे, सही केलीत, बदलून मिळणार नाही. सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसता येत नव्हतं. घरी रोजचे हाल होते. शेवटी सासूबाईच काठी टेकत पुढे आल्या, कमोड ढकलगाडीवरून कॅशियरसमोर उतरवायला लावला आणि त्यावर ऐसपैस बसल्या. मॅनेजर धावला. "आजी, उठा ना, लोक बघतायत!" "बघू देत की. माल तुमचाच आहे." "आई, चला," सून कुजबुजली. "तू गप गं. नवा आला की उठते." रांगेत हशा पिकला. सुनेनेही ढकलगाडी आडवी लावून वाट अडवली. घरून निघतानाच सासूबाईंनी पिशवीत डबा घेतला होता.