साखरलेली वडी

कौसल्यानं ताटात सुरी फिरवली आणि ती थबकली. वडी साखरली होती. नारळाची वडी कशी लुसलुशीत सुटते, ही खडखडीत, रवाळ, आणि कडेला नुसता भुगा. घरातली महिन्याची रेशनची साखर, लोणी आणि घट्ट गोड दुधाचा आख्खा डबा, सगळं त्या एका ताटात गेलं होतं.

आणि जेसी सिस्टर तर ओट्यावर येऊन बसल्यासुद्धा होत्या. निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात कौसल्या त्यांच्या हाताखाली आया होती. सिस्टर उद्या कायमच्या मायदेशी, स्कॉटलंडला निघणार होत्या. त्यांची आई करायची ती साखरेची वडी त्यांनी कौसल्याला किती वेळा तोंडी सांगितली होती. साखर, लोणी, दूध आटवायचं, खाली उतरवायचं आणि हात मोडेस्तोवर घोटायचं. खायला मात्र ती कौसल्याला कधी मिळाली नव्हती. तरी निरोपाला तीच द्यायची, असा हट्ट तिनं धरला होता.

सासूनं, आक्कानं, ताटात डोकावून पाहिलं. आक्काची जीभ म्हणजे कात्रीच. ज्या बाईचा पाक साखरतो तिचं घरात लक्ष नसतं, असं ती चारचौघींत सुनेला ऐकवायची. पाहुणी दारात म्हणून आता तिनं जीभ आवरली.

"गूळ-शेंगदाणं दे त्यांना. ह्ये झाकून ठेव."

पण वासानं सिस्टर उठून आत आल्याच. आता लपवणार कुठं? कौसल्यानं खाली मान घालून एक तुकडा पुढं केला. वडी बिघडली, पाक साखरला, असं काहीसं ती पुटपुटली.

सिस्टरांनी तुकडा तोंडात टाकला. कर्रकन आवाज झाला. त्या चावायच्या थांबल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"साखरलीच पाहिजे, कौसल्या," त्या आपल्या मराठीत सावकाश म्हणाल्या. "नाही साखरली, तर आई परत भांड्यात टाकायची."

कौसल्याचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आलं आणि रडूही आलं. सिस्टरांनी दुसरा तुकडा स्वतःच उचलला.

आक्कानंही एक वडी घेतली. ती बराच वेळ तोंडात घोळवली. मग सुनेकडं न बघता म्हणाली, "आसं हाय का? मंग माझे किती साखरलेले पाक मी गुपचूप म्हशीला चारले, त्ये यांच्या आईला चाललं असतं."