उंबऱ्याखालची नाळ

“नाळ पुरली तिथं माणूस फिरून येतंच, लेकरा. आन् तुजी हाय ह्या उंबऱ्याखाली.”

आईचा हा आवाज सयाजीनं लहानपणी कधीतरी ऐकला होता. आज ओव्हरसियर यशवंतराव त्याच उंबऱ्यापाशी मोजपट्टी घेऊन उकिडवे बसले, तेव्हा तोच पुन्हा कानात घुमला.

पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता. मुंबईचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि धर्मशाळा नेमकी त्याच्या आड येत होती. सागवानी खांब, दारावर वेलबुट्टीची गणेशपट्टी, पुढं दगडी ओटा. कोसभर दुसरं घर नाही. गाड्यांचे तळ पडायचे ते दिवस सरले. मोटारी काही थांबत नव्हत्या. राखण करायला उरली होती म्हातारी रुक्मिणीबाई आणि तिचा हा एकुलता लेक.

“असलं सुतारकाम आता कोण करतंय?” यशवंतराव म्हणाले. “पाडायला हात धजत नाही. सगळं सोडवू आणि वर टेकाडावर जसंच्या तसं उभं करू. मंजुरी मी काढतो. पण उंबऱ्यासकट हं. चौकट त्यातच रुतवलीय.”

“उंबरा हलायचा न्हाई,” रुक्मिणीबाई म्हणाली.

“मग आजी, सगळं पाडून वर भराव टाकावा लागेल.”

“टाका.”

सयाजी बघतच राहिला. खांबांना दर दिवाळीला तेल चोळणारी हीच. उंबऱ्यावर कुणी पाय दिला तर “घोडं हाय व्हय रं ते, चढून बसायला?” म्हणून झापणारी हीच. सांज झाली की उंबऱ्यावर पणती ठेवायची आणि रस्त्याकडं बघत गुणगुणायची:

उंबऱ्यावर दिवा, वाऱ्या तू विझवू नको
वाटंच्या गं बाई, माजं दार चुकू नको

पोरपणी त्याला वाटे, ती बापाची वाट बघते. पण बाप चिमाजी तर त्याला कळू लागायच्या आधीच पटकीनं गेला होता.

यशवंतराव गेले तसा सयाजी म्हणाला, “आये, नाळंसाठीच आडून बसलीस न्हवं? मी माज्या हातानं काढतो. नाळंचं मातीचं लोटकं आल्लाद उचलायचं, तिकडं उंबऱ्याखाली पुन्यांदा पुरायचं.”

“मातीला मिळालं आसंल ते. नगं धुंडू.”

“मग मूठभर माती नेतो. कारखान्यात लागंन, चाळीत खोलीबी मिळंल. पर मला ना गाव, ना भावकी. आपलं म्हणाया येवढी एकच जागा हाय, आये. तीबी डांबराखाली घालू?”

त्या सांजेला पणती तिनं उशिरा लावली.

सयाजीनं परस्पर होकार कळवला. माणसं आली. कौलं उतरली, वासे उतरले, खांब एकेक करून गवतावर आडवे झाले. रुक्मिणीबाई ओट्यावर पाठ फिरवून बसली होती. शेवटी आभाळाखाली नुसता उंबरा राहिला. सयाजीनं सगळ्यांना लांब थांबवलं आणि स्वतः पहार घातली.

उंबरा करकरत वर आला. खाली पिवळा मुरूम होता. घट्ट, एकजीव, बांधणाऱ्यानं चोपला असेल तसाच.

त्यानं डावा कोपरा उकरला. मग उजवा. पहार टाकून बोटांनी उकरू लागला. नखांतून रक्त आलं.

“आये, लोटकं कुठल्या अंगाला व्हतं?”

रुक्मिणीबाई उठून आली. त्याच्याशेजारी बसली. त्याचा हात ओढून घेतला आणि पदरानं बोटं पुसली. मग रस्त्याकडं बघत म्हणाली,

“ऱ्हाऊ दे, सयाजी. तुजी नाळ कुठं पुरली ते तुज्या आयेला ठावं. ती तुला ह्या उंबऱ्यावर ठेवून पहाटंच्या गाड्यांसंगं निघून गेली.”