अकरा शर्ट, बारा जणी

खुंट्यांवर अकरा शर्ट होते आणि खोलीत बारा जणी. बाहेर प्रेक्षकांचा गलका वाढत होता. आजचा फुटबॉलचा सामना जिंकला की क्लब पुन्हा वरच्या गटात जाणार होता. अकरा कोण आणि बाकावर कोण, हे कप्तान ताईने अजून सांगितलं नव्हतं. पोरी बुटांच्या बांधलेल्या नाड्याच पुन्हा बांधत होत्या.

एके काळी या क्लबचे चषक कपाटात मावत नसत. मग घसरण लागली आणि संघ खालच्या गटात गेला. गूळ संपल्यावर मुंग्या थांबतात होय? एकेक खेळाडू दुसरीकडे गेली, पाठोपाठ प्रशिक्षकही गेले. ताई तेवढी राहिली. पुढच्या मोसमात मैदानात उतरायला कशाबशा सात जणी जमल्या. तरी तिने अकराही शर्ट धुऊन खुंट्यांना लावले.

त्या मोसमात पहिल्याच सामन्याला समोरच्या संघाची कप्तान दारातून डोकावून हसली. "काय गं, उरलेले शर्टच खेळणार का?"

"शर्ट तयार आहेत," ताई म्हणाली. "अंगं यायचीत फक्त."

ताईचं शिवणाचं दुकान होतं. दुकानासमोरच्या गल्लीत हुंदडणाऱ्या पोरींना तिने हाताशी धरलं. चेंडू पायाने कसा थोपवायचा, हे ती पुन्हा पुन्हा दाखवायची आणि कधी चिडायची नाही. क्लबचे शर्ट त्या पोरींना गुडघ्यापर्यंत यायचे. ताईने ते आवळले, पण कापड कापलं नाही. शिवणीत भरपूर माया ठेवली, म्हणजे पोर वाढली की शिवण उसवून शर्टही वाढवता येतो. दर मोसमाला पोरी वाढल्या, शर्ट वाढले. आधी सडकून हरणारा संघ सामने बरोबरीत सोडवू लागला, मग जिंकू लागला. सहा नंबरच्या शर्टाला तेवढी कधी सुई लागली नाही. तो ताईचा स्वतःचा होता, चांगला रुंद खांद्यांचा.

आता खोलीत सगळ्यांच्या नजरा संघातल्या सर्वांत धाकटीकडे वळल्या. ती ताईच्याच जागेवर खेळायची. मग बाहेर कोण बसणार, हे उघड होतं. धाकटीने मुकाट्याने राखीव खेळाडूचं जाकीट उचललं.

"आण ते इकडे," ताई म्हणाली आणि जाकीट स्वतःच्या अंगात चढवलं. "तू सहा नंबर घाल."

"ताई, अगं आज तरी तू हवीस!"

"सरावात माझ्या पायातला चेंडू पळवतेस, तेव्हा नाही गं माझी आठवण येत?"

खोलीत हशा पिकला. धाकटी मात्र रडकुंडीला आली. "पण तुझा शर्ट मला ढगळ होईल. लोक हसतील."

"घालून तर बघ, बाई."

धाकटीने शर्ट डोक्यातून घातला. खांदे खांद्यांवर बसले, बाह्या कोपरापाशी थांबल्या. तिने चाचपून पाहिलं. कुशीच्या शिवणीला नवा दोरा होता.

ताई मान ताठ करून दारात उभी होती. तो शर्ट तिने कालच आवळला होता, आणि पोर अजून वाढेल म्हणून आत माया ठेवली होती.