दोन वर्षांचं चीज

कुआनिश दारात बूट काढत होता, तेव्हा त्याला बैठकीत माणसंच माणसं दिसली. थोरले काका, मशिदीतले इमाम, शेजारचे दोन म्हातारे, तिन्ही आत्या, कोपऱ्यात आई. अमेरिकेहून एमबीए करून आलेल्या पोराला बघायला अख्खा गाव लोटलाय असं वाटून तो हसला.

"मिळाली नोकरी," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "अल्माटीत, सल्लागार कंपनीत. मोठमोठ्या कारखान्यांना धंदा कसा करायचा ते मी सांगणार. काका, तुम्हीच म्हणायचात ना, सल्ला द्यायला शिकायचंय काय, दाढी पिकली की झालं? माझी बघा, अजून काळीच आहे."

एरवी काकांनी लगेच टोला हाणला असता. आज कुणीच हसलं नाही. धाकट्या आत्याने त्याच्यासाठी ओतलेला चहा तिच्याच हातात राहिला.

"बाबा अजून डोंगरावरच?" त्याने विचारलं. "दोन आठवडे आवाज नाही त्यांचा. आई म्हणते, वर कुरणात रेंज नसते."

थोरले काका उठले. त्याच्या हाताला धरून त्यांनी त्याला आपल्याजवळ बसवलं.

"बाळा, परमुलखातल्या माणसाच्या कानावर अशी गोष्ट फोनवरून घालत नाहीत. समोर बसवून सांगतात. म्हणून सगळे थांबलो होतो." "तुझे वडील गेले. सकाळी छातीत कळ आली, तासाभरात संपलं. आज चौदा दिवस झाले."

बायकांनी दाबून धरलेलं रडं फुटलं. कुआनिश रडला नाही. तो बोटांवर दिवस मोजत होता.

"म्हणजे गुरुवार," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "गुरुवारी तर मी त्यांच्याशी बोललोय. शेवटच्या मुलाखतीला निघताना. तू म्हणालीस, घसा बसलाय त्यांचा, तू बोल, ते ऐकतील."

आईने मान वर केली नाही. "तुझी दोन वर्षं पणाला लागली होती. सांगितलं असतं तर सगळं टाकून विमानात बसला असतास."

"बसलोच असतो. माझ्या हातची माती तरी मिळाली असती त्यांना."

तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"मी काय काय बोललो, आई. म्हटलं, बाबा, एवढी नोकरी लागू दे, दोन वर्षांचं चीज होईल. म्हटलं, तुम्हाला आता घोड्यांमागे डोंगर चढू देणार नाही." त्याचा आवाज फाटला. "कुणाशी बोललो मी?"

"त्यांच्याशीच," आई म्हणाली. "आतल्या खोलीत निजवलं होतं. फोन त्यांच्या कानाशी धरला होता रे मी. तुझं बोलून होईपर्यंत हलवला नाही."