मिनिटाला चार किलो

शाळेच्या गच्चीवरचं यंत्र बोंबलायला लागलं. पाठोपाठ बसथांब्याजवळचं, मग दवाखान्याच्या कोपऱ्यावरचं. हवेत अमोनिया.

हवा तपासणाऱ्या खात्यातली ती बाई खुर्ची ओढून बसली. ऑफिसात सगळे तिला हवाबाई म्हणत. वारा पश्चिमेचा होता. तिन्ही यंत्रांचे आकडे घेऊन तिने वाऱ्याच्या उलट दिशेने माग काढायला सुरुवात केली. कुठून सुटतोय आणि किती सुटतोय, एवढंच शोधायचं होतं.

‘खताचं गोदाम असू दे,’ ती मनाशी म्हणत होती. पण आकड्यांना कुणाची भीड नसते. पडद्यावरचा ठिपका सरकत सरकत बर्फाच्या कारखान्यावर जाऊन बसला. बर्फ गोठवायला लागणारा अमोनिया तिथे मोठ्या टाकीत भरलेला असे. तिचा धाकटा भाऊ तिथे मेकॅनिक होता. आज कारखान्याला सुट्टी, त्यामुळे यंत्रांवर लक्ष ठेवायला तो एकटाच. तिने दोनदा फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

“कुठून?” मागे उभ्या साहेबांनी विचारलं.

“बर्फाचा कारखाना. मिनिटाला चार किलो.”

साहेबांनी शाळेला दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं, अग्निशमन दलाला पत्ता दिला. बंब पोचायला वीस मिनिटं लागणार होती. भावाचं तिने अवाक्षरही काढलं नाही. काढलं असतं, तर साहेबांनी तिला उठवलं असतं, आणि हे गणित येणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

दर दोन मिनिटांनी ती हिशेब नव्याने मांडत होती. चार. पुन्हा चार. मग अडीच. काहीतरी चुकलं म्हणून तिने पहिल्यापासून केलं. अडीचच. पुढच्या खेपेला एक. मग जेमतेम पाव.

तिने तोंडावर हात घेतला आणि ती ढसाढसा रडायला लागली.

“अहो, रडता काय? आकडा उतरतोय!” साहेब गडबडले. “वारा फिरला वाटतं. नशीब आपलं.”

“वारा जिथल्या तिथे आहे, साहेब.” रडता रडताच तिला हसू फुटलं. “आणि एवढी मोठी टाकी दहा मिनिटांत रिकामी होत नाही. आत कुणीतरी व्हॉल्व्ह बंद करतंय.”

“कोण?”

“आज तिथे एकच माणूस आहे. माझ्या भावाचे हात चालतायत, साहेब!”