लांबचं नातं

उशांसाठी हंसाची पिसं सोलताना हसायचं नसतं. काडी एकीकडे, लव एकीकडे. तेवढ्यात कुणी फिस्सकन हसलं की टेबलावरचा ढीग उडतो आणि तासाभराची मेहनत लोकांच्या केसांत जाऊन बसते. हिवाळ्यात सोलायला जमलेल्यांना रमवायला गोष्ट सांगणारा बसतो, त्याचं काम मात्र नेमकं उलटं. त्याने पिसं उडवायची.

नाताळ चार दिवसांवर आला होता. इर्मा गोम्बोत्सची ही आठवड्यातली पाचवी संध्याकाळ बाहेर चालली होती. कचेरीचं जेवण झालं, चर्चमधलं गाणं झालं, दोन घरी डुक्कर कापलं त्याच्या मेजवान्या झाल्या. पण जीव रमला तो आज, या परगावच्या सभागृहात पिसं सोलायला बसल्यावर. इथे तिला ओळखणारी एकच, कचेरीत नवीन बदलून आलेली झ्डेन्का, आणि ती शेजारीच बसली होती.

"आता शेवटची गोष्ट," कथेकरी म्हणाला. येर्नेय त्याचं नाव, राजधानी ल्युब्लियानाहून आलेला तिशीतला तरुण. "ही माझी नाही बरं का. याच भागात वेंडेल गोम्बोत्स नावाचे मोठे कथेकरी होऊन गेले. एका जुन्या टेपवर मला त्यांचा आवाज सापडला, पण भेट व्हायची नव्हती. मी उशिरा जन्मलो. गोष्टीत चांगलं असेल ते त्यांचं, चुकेल ते माझं. त्यांच्यासाठी एक मिनिट गप्प राहू या."

सगळे हात थांबले. झ्डेन्काने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली.

वेंडेल गोम्बोत्स त्या घडीला अकरा किलोमीटरवर आपल्या पलंगावर उशीला टेकून बसलेले होते. खुब्याचं हाड मोडून तीन वर्षं झाली होती. शेजारच्या वेरोनाकाकू त्यांना सूप भरवून गेल्या असतील आणि लेक कामावरून कधी येते म्हणून ते घड्याळाकडे बघत असतील.

इर्माला उठून फक्त तीन शब्द बोलायचे होते. बाबा जिवंत आहेत. पण मग पुढचं विचारणं आलंच. मग आणलं का नाही त्यांना? दर हिवाळ्यात बाबा विचारायचे, "यंदा कुठे गोष्टी आहेत का गं?" आणि ती म्हणायची, "आता कोण सांगतंय बाबा! संपलं ते सगळं." आणायचं म्हणजे चाकांची खुर्ची, घोंगड्या, दर अर्ध्या तासाला लघवीला न्यायचं. तिची संध्याकाळ त्यातच गेली असती. तीन वर्षं तिने बापाला गोष्टी मेल्याचं सांगितलं, आणि आज गोष्टवाल्याने बाप मेल्याचं सांगितलं तर ती मान खाली घालून मिनिटभर गप्प बसली.

"अगं, तुझंही आडनाव गोम्बोत्सच ना?" झ्डेन्का कुजबुजली. "नात्यातले का?"

"लांबचे," इर्मा म्हणाली.

मग गोष्ट सुरू झाली. कडाक्याच्या थंडीत पैजेपायी एक घंटावाला चर्चची घंटा चाटतो आणि जीभ तिथेच चिकटते. घंटा वाजत नाही म्हणून खाली गाव समजतं की अजून दुपार झालीच नाही, आणि कुणी जेवायला बसत नाही. संध्याकाळ होते तरी पाद्री ताटापुढे हात जोडून बसलेला! येर्नेय चिकटलेल्या जिभेने "आँ हिथं हाऽये!" असं ओरडला, तेव्हा इर्माने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. काही उपयोग झाला नाही. सहाही टेबलांवरची पिसं एकदम उडाली. सगळ्यांत जास्त तीच हसली, अगदी पोट दुखेपर्यंत. आपल्याला एवढं हलकं वाटतंय याची तिला शरम वाटली, आणि तरी हसू थांबेना.

निघताना येर्नेय तिच्याजवळ आला. "ताई, तुम्ही वेंडेलकाकांच्या नात्यातल्या ना? या बाई म्हणाल्या. त्यांची कबर कुठे आहे? सणाआधी मेणबत्ती लावून यावं म्हणतो."

"मला नक्की माहीत नाही," असं म्हणून तिने कोटाची बटणं लावली आणि ती लगबगीने गाडीकडे गेली.

घरी दिवा चालू होता.

"फार काम पडलं का गं?" बाबांनी विचारलं.

"हो ना. वर्षअखेर आहे." उशी सारखी करायला ती वाकली, तसा बाबांनी हात वर करून तिच्या केसांतून काहीतरी काढलं. दिव्यासमोर धरलं. हलकेच फुंकर मारली.

"हंसाचं आहे," ते म्हणाले.

इर्मा मटकन खुर्चीत बसली. "बाबा, चुकलं माझं. गोष्टी होत्या. एका पोराने तुमची घंटावाल्याची सांगितली."

आता बोलणी बसणार म्हणून तिने मान खाली घातली. बोलणी बसली असती तर बरं झालं असतं.

"हसले का लोक?"

"पिसं दिव्यांना जाऊन चिकटली, बाबा."

"अस्सं! आणि माझं नाव घेतलं त्याने?"

"सगळ्यांत आधी."

म्हाताऱ्याने चादरीच्या टोकाने डोळे पुसले. मग दोन्ही कोपरांवर जोर देऊन, कण्हत, ते पलंगाच्या कडेला सरकले आणि तिच्यासाठी शेजारी जागा केली.

"ये, अशी इथे बस आणि सगळं सांग. वेंडेल हल्ली कुठे असतो, असं विचारलं असेल ना लोकांनी? काय सांगितलंस गं?"