न सापडलेला फॉल्ट

लेकीनं स्वयंपाकघरातला बल्ब पिळून काढला, तसा मागच्या खोलीतलाही विझला.

“बघ,” ती स्टुलावरून म्हणाली. “एक काढला की दुसरा जातो. सीरिजमध्ये जोडलेत दोन्ही. एकाच्या पोटाचं दोघांत वाटलंय, म्हणून दोघंही उपाशी.”

“असू देत. तू आधी खाली उतर,” आई म्हणाली.

आईच्या मनगटावर फडकं बांधलेलं होतं. परवा संध्याकाळी उकळतं पाणी भांड्यात पडायच्या ऐवजी हातावर पडलं. त्या पिवळट उजेडात तिला भांड्याचा काठच दिसला नव्हता. लेक धावत आली ती हत्यारांची पिशवी घेऊनच. एक तर हे दिवे आज सरळ होतील, नाहीतर तू माझ्याकडे राहायला येशील, असं तिनं दारातच सांगून टाकलं होतं. आईला घर सोडायचं नव्हतं. आणि दिव्यांनाही हात लावू द्यायचा नव्हता.

हा हट्ट लेकीला कळेना. तिचे बाबा वायरमन. त्यांनी जोडलेल्या घरांत अंधार पडल्यावरही सुई ओवता यायची. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात हे दोन आजारी दिवे. “वायरमननं घरात काजवे पाळलेत,” लोक म्हणायचे. बाबाही त्यांच्यात हसायचे. “फॉल्टच सापडत नाही हो,” म्हणायचे, आणि मागच्या खोलीत दातांत टॉर्च धरून लोकांचे पंखे दुरुस्त करत बसायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

लेकीनं मेन स्विच पाडला. खिडकीतून दुपारच्या उन्हाची तिरीप आत आली होती, तेवढी पुरे होती. तिनं छताजवळच्या जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं आणि आतल्या सांध्यावरची टेप सोडवायला घेतली.

वरची टेप काळीभोर होती, अजून चिकट. ती निघाली तर खाली दुसरी, जरा कडक झालेली. तिच्याखाली आणखी जुनी, बोट लागताच तुकडे पडणारी. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याच्या बरोबर अर्ध्यावर चढलेला, टोक तिरकं कापलेलं. हा हात तिच्या ओळखीचा होता. याच हातानं तिच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली होती. ती तुकडे ओंजळीत धरत गेली.

सगळ्यात आत पोचल्यावर मात्र ती थबकली. तारांचा पीळ उलटा होता, सैलही होता. त्यावर पांढरा शिवणाचा दोरा गुंडाळलेला. आणि दोऱ्याला ती गाठ, सदऱ्याचं बटण लावून झाल्यावर आई मारते तशी.

“आई, हा सांधा बाबांचा नाही.”

आई खुर्चीत बसली. फडक्याचं टोक उगाच घट्ट करत राहिली.

“माझा आहे,” ती म्हणाली.

मग सांगत गेली. “नवीन लग्न झालेलं गं. हे मागं जाऊन बसायचे ते बसायचेच. हाका मारून माझा घसा सुकायचा. ‘आलोच’ म्हणायचे, आणि इकडं जेवण गार. मला मात्र हौसेनं सगळं समजावून सांगायचे. करंट म्हणजे फेर आहे म्हणायचे. सगळ्यांनी हात धरले तर फिरतो, एकीनं हात सोडला की मोडला. मग एक दिवस हे कामावर गेल्यावर मी मेन बंद केला, आणि त्यांच्या दिव्याचा हात माझ्या दिव्याच्या हातात दिला. माझं आवरलं की मी माझं बटण बंद करायचे. तिकडं अंधार. ‘मेला करंट कुठं गेला!’ करत यायचे, आणि मुकाट ताटावर बसायचे.”

“आणि त्यांना सांगितलं नाहीस कधी?”

“आधी गंमत वाटली. पुढं लोक हसायला लागले, तेव्हा जीभच रेटेना. एवढा नावाजलेला माणूस, माझ्यापायी जन्मभर हसं झालं त्यांचं. गेले तरी फॉल्ट सापडला नाही. आता त्यांच्या माघारी तू तो उघडून दाखवू नकोस गं बाई. राहू दे तसंच. पोळेल हात, पोळला तर.”

लेक खाली उतरली. तिनं ओंजळीतले तुकडे आईच्या मांडीवर ओतले.

“ही बघ, ही सगळ्यात जुनी. ही नंतरची. ही अगदी अलीकडची, बघ किती चिकट आहे. सगळ्या तुझ्या दोऱ्यावरून गुंडाळलेल्या होत्या.” ती आईसमोर उकिडवी बसली. “आता मला सांग, हे वेढे कुणाचे?”

आईनं ती नवी टेप उचलली. बोटांनी चाचपली. चष्म्याजवळ नेऊन टोकाचा तिरका काप पाहिला. मग तिचे खांदे हलायला लागले. लेक घाबरून जवळ सरकली, तर आई हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“बदल ते,” पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. “लख्ख कर सगळं. मला माझी भांडी दिसू देत.”

लेक पुन्हा स्टुलावर चढली. तिनं दोन्ही दिव्यांच्या तारा वेगळ्या केल्या, प्रत्येकाला स्वतःची वाट करून द्यायला घेतली.

खालून आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “हे अधूनमधून चढायचे बाई त्या स्टुलावर. विचारलं तर म्हणायचे, कोळ्याचं जाळं काढतोय. जन्मात कधी झाडू धरला नाही हातात, आणि मी वेडी शेजारणींना कौतुकानं सांगायचे, की आमच्या घरातली जाळी हेच काढतात.”